विहिरीच्या पाण्याची पारख : घरासाठी आणि शेतासाठी

पाण्याचा विचार आपल्याकडे बहुधा त्याच्या प्रमाणाच्या अंगाने होतो. विहिरीला किती परसांवर पाणी लागले, विंधन विहिरीला किती इंच पाणी आले, उन्हाळ्यात किती टँकर मागवावे लागतील, हेच प्रश्न ग्रामसभेत विचारले जातात. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण विभागात हे स्वाभाविक आहे. तथापि जमिनीतून वर आलेले पाणी कोणत्या गुणाचे आहे, ते पाळण्यातील बालकाला चालेल काय, आणि तेच पाणी मोसंबीच्या बागेला दिल्यास दहा वर्षांनी त्या जमिनीचे काय होईल, हे प्रश्नही तितकेच मोलाचे आहेत. पाण्याची टंचाई डोळ्यांना दिसते, पण पाण्याचा दोष पुष्कळदा डोळ्यांना, नाकाला आणि जिभेलाही कळत नाही.

या परीक्षेचे एक मूलतत्त्व प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे. पाणी चांगले की वाईट, असा सरसकट निवाडा करता येत नाही. ते कशासाठी वापरावयाचे आहे हे ठरल्यावरच त्याची पारख होते. पिण्यास अपायकारक ठरलेले पाणी पिकाला पोषक असू शकते आणि चवीला गोड लागणारे पाणी काळ्या जमिनीची हानी करू शकते. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबाद जिल्ह्याचे, उदाहरण समोर ठेवून प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल कसा वाचावा, याचे विवेचन केले आहे.

खडक आणि पाणी यांची देवघेव

हा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा पाषाण तयार झाला आणि महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग त्याने व्यापलेला आहे. वेरूळ आणि अजिंठा येथील लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत. अखंड काळ्या खडकात पाणी साठत नाही. ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि बारीक पोकळ्यांनी भरलेल्या मऊ थरात, ज्याला विहीर खणणारे लोक मांजऱ्या म्हणून ओळखतात. त्यामुळे एका शेतातील विहिरीला पाणी लागते आणि शेजारची विहीर कोरडी जाते. पाण्याच्या गुणाबाबतही हेच घडते. शंभर पावलांवरील दोन विहिरींचे पाणी अगदी भिन्न गुणाचे असू शकते.

पावसाचे पाणी जमिनीवर पडते तेव्हा त्यात क्षार जवळजवळ नसतात. मातीच्या थरातून झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि ते पाणी सौम्य आम्ल बनते. हे आम्लधर्मी पाणी काळ्या पाषाणातील खनिजे अत्यंत सावकाश विरघळविते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम पाण्यात उतरतात आणि त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट येते. म्हणूनच दख्खनच्या पाषाणातील ताज्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचे प्राबल्य आढळते. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि हंड्याच्या तळाशी पांढरी पुटे बसतात.

पाणी जसजसे उतारावरून खोऱ्याकडे जाते तसतसा त्याचा खडकाशी व चिकणमातीशी सहवास वाढतो. चिकणमाती पाण्यातील कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडते. बाष्पीभवनाने क्षार अधिक दाट होतात. साहजिकच डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीचे पाणी सामान्यतः कमी क्षारांचे असते, तर नदीकाठच्या सखल, काळ्या जमिनीतील पाणी मचूळ होण्याकडे झुकते.

इतिहासातील एक दाखला येथे उद्बोधक ठरेल. मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली तेव्हा शहराला पाणी देण्यासाठी उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे भूजल जमिनीखालच्या नहरीने आणले. ही नहर-ए-अंबरी होय. पाणचक्कीही पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर चालू लागली. पाणी उताराने आपोआप यावे हा त्या योजनेचा उघड हेतू होता. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही पायथ्याचे, खडकाशी थोडाच काळ संबंध आलेले पाणी निवडणे शहाणपणाचेच होते. आज शहराचा मुख्य आधार पैठणचा नाथसागर आहे. तरीही ग्रामीण भागातील असंख्य कुटुंबे आणि बहुसंख्य बागाईतदार विहिरींवर व विंधन विहिरींवरच अवलंबून आहेत.

जिभेची कसोटी अपुरी

आपल्या पूर्वजांनी पाण्याची पारख जिभेने, डाळीने आणि साबणाने केली. गोडे पाणी, मचूळ पाणी, खारे पाणी, जड पाणी हे शब्द त्याच अनुभवातून आले आहेत. या कसोट्या टाकाऊ नाहीत. एकूण क्षार आणि काठिण्य यांचा अंदाज त्यांतून बऱ्यापैकी येतो. परंतु आरोग्याला सर्वाधिक अपाय करणारे घटक या कसोट्यांना सापडत नाहीत. रोगजंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड यांना त्यांच्या घातक प्रमाणातही चव, रंग वा वास नसतो. ज्या विहिरीचे पाणी साऱ्या गावात गोड म्हणून नावाजलेले आहे तीच विहीर याबाबतीत दोषी असू शकते. रासायनिक तपासणीची आवश्यकता येथेच सुरू होते.

पिण्याच्या पाण्याची मानके भारतीय मानक आय.एस. १०५०० मध्ये निश्चित केलेली आहेत. हे मानक प्रथम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याची दुसरी सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये आली. त्यात बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत. पहिली स्वीकारार्ह मर्यादा होय. दुसरी मर्यादा दुसरा उद्भव उपलब्ध नसेल तेव्हाच चालवून घ्यावयाची असते. पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे मुख्य आकडे पुढीलप्रमाणे आहेत. सामू वगळता सर्व आकडे दर लिटरला मिलिग्रॅममध्ये आहेत.

सामू : ६.५ ते ८.५
एकूण विरघळलेले क्षार : स्वीकारार्ह ५००, कमाल २,०००
एकूण काठिण्य : स्वीकारार्ह २००, कमाल ६००
क्लोराइड : स्वीकारार्ह २५०, कमाल १,०००
सल्फेट : स्वीकारार्ह २००, कमाल ४००
फ्लोराइड : स्वीकारार्ह १.०, कमाल १.५
नायट्रेट : ४५, सवलत नाही
ई. कोलाय जिवाणू : १०० मिलिलिटर नमुन्यात एकही आढळता कामा नये

या यादीतील भेद अर्थपूर्ण आहे. काठिण्य, क्लोराइड वा एकूण क्षार थोडे वाढले तर गैरसोय होते, चव बिघडते, पण लगेच अनर्थ ओढवत नाही. जड पाण्याने मुतखडा होतो असा समज रूढ असला, तरी तसा संबंध निश्चितपणे सिद्ध झालेला नाही. नायट्रेटच्या बाबतीत मात्र मानकाने कसलीही सवलत ठेवलेली नाही. त्याचे कारण सविस्तर पाहणे अगत्याचे आहे.

नायट्रेट : आपणच निर्माण केलेला दोष

काळ्या पाषाणात नायट्रेट देणारे खनिज नाही. विहिरीत आढळणारे नायट्रेट बहुतांशी जमिनीच्या वरून आलेले असते. उकिरडा, गोठ्यातील मलमूत्र, शोषखड्डे, सदोष शौचालये, गावातील उघडी गटारे आणि पिकाला गरजेपेक्षा अधिक दिलेला युरिया हे त्याचे उगम आहेत. मातीचे कण कॅल्शियम वा पोटॅश धरून ठेवतात, पण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. ते पाण्याबरोबर थेट खाली जाते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार पावसाचे पाणी या भेगांतून नायट्रेटसह झपाट्याने खाली उतरते. गावठाणातील उथळ विहिरी व आड यांना याचा धोका सर्वाधिक असतो.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक-पंचमांश नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. म्हणजे हा प्रश्न एखाद्या दुसऱ्या गावाचा नाही.

नायट्रेटचा पहिला बळी तान्हे मूल ठरते. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली प्रथम दाखवून दिले की, शेतावरील विहिरीच्या पाण्यात दुधाची भुकटी कालवून पाजलेली अर्भके निळी पडत होती आणि त्याचे कारण त्या पाण्यातील नायट्रेट होते. अर्भकाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. ओठ, नखे व त्वचा निळसर दिसू लागतात आणि वेळीच उपचार न झाल्यास मूल दगावू शकते. सहा महिन्यांपेक्षा लहान मुलांना हा धोका अधिक असतो. या वयात मुलाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी पाजू नये, हा आरोग्य खात्याचा उपदेश या दृष्टीनेही मोलाचा आहे. अंगणवाडी सेविकांनी तो मातांपर्यंत पोहोचवावा.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. पाणी संशयास्पद वाटले की ते उकळून घ्यावे किंवा त्यात टीसीएल पावडर टाकावी, हे आपण सर्वजण शिकलो आहोत. हे दोन्ही उपाय रोगजंतूंवर अचूक आहेत आणि ते चालूच राहिले पाहिजेत. नायट्रेटवर मात्र त्यांचा काहीही परिणाम होत नाही. उलट, पाणी बराच वेळ उकळल्यास त्याची वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. काळजी घेणारी आई जे पाणी सर्वांत अधिक आटवून बाळाला पाजते त्यातच नायट्रेट सर्वाधिक असावे, ही या दोषाची खरी क्रूरता आहे. केवळ जंतूंची तपासणी करून पाणी पिण्यायोग्य ठरविणे का अपुरे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

फ्लोराइडची गोष्ट याहून वेगळी आहे. ते खडकातून येते आणि दीर्घकाळ सेवन केल्यास दातांवर डाग व हाडांत विकृती निर्माण करते. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत तो गंभीर प्रश्न आहे. दख्खनच्या पाषाणातील उथळ पाण्यात फ्लोराइड साधारणपणे कमी असते. पण कॅल्शियम कमी व सोडियम अधिक असलेल्या खोल पाण्यात ते वाढू शकते. यास्तव उथळ विहीर आटल्यावर खोल विंधन विहीर घेतली की तिच्या पाण्याची फ्लोराइडसाठी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. जुन्या विहिरीचा अहवाल नव्या विंधन विहिरीला लागू पडत नाही.

याखेरीज औद्योगिक वसाहतींच्या खालच्या बाजूस, सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यांच्या काठी असलेल्या विहिरींचा प्रश्न आहे. चिकलठाणा आणि वाळूज परिसरातील, तसेच खाम व सुखना या नद्यांच्या काठच्या ग्रामपंचायतींनी नेहमीच्या तपासणीवर समाधान मानू नये. शिसे, क्रोमियम यांसारख्या जड धातूंची तपासणी नेहमीच्या अहवालात येतेच असे नाही. तशी लेखी मागणी करावी लागते.

शेतीसाठी वेगळी मोजपट्टी

पिकाला नायट्रेटची भीती नाही. त्याला भीती आहे ती दोन गोष्टींची. एक म्हणजे एकूण क्षारांची आणि दुसरी म्हणजे सोडियमच्या वर्चस्वाची.

क्षार वाढले की मुळांना पाणी शोषून घेणे जड जाते. जमिनीत ओल असूनही पीक सुकल्यासारखे दिसते. एकूण क्षारांचे मापन पाण्याच्या विद्युत वाहकतेवरून करतात, कारण क्षार जितके अधिक तितकी वीज पाण्यातून सुलभतेने वाहते. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील अमेरिकन क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. तिच्यानुसार विद्युत वाहकता २५० मायक्रोसीमेन्सपर्यंत असल्यास पाणी पहिल्या, ७५० पर्यंत दुसऱ्या, २,२५० पर्यंत तिसऱ्या आणि त्यापुढे चौथ्या वर्गात पडते. चौथ्या वर्गाचे पाणी सामान्य परिस्थितीत सिंचनास अयोग्य समजतात. पिकांची सहनशक्तीही सारखी नसते. कापूस क्षार बराच सहन करतो, गहू मध्यम सहन करतो, मका व ऊस त्याहून कमी, तर मोसंबी, कांदा आणि घेवडा हे नाजूक होत.

सोडियमचा अपाय पिकापेक्षा जमिनीला अधिक होतो. सोडियम वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, जमीन ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी टणक बनते. हीच चोपण जमीन. आपल्या भागातील भारी काळी जमीन मुळातच फुगणाऱ्या चिकणमातीची असल्याने तिला हा धोका विशेष आहे. यासाठी सोडियम आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचे गुणोत्तर काढतात. एस.ए.आर. या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर १० पेक्षा कमी असल्यास धोका अल्प, १० ते १८ मध्यम, १८ ते २६ अधिक आणि त्यापुढे अत्यधिक समजतात. दुसरी कसोटी आर.एस.सी. ही होय. बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली असता बाकी १.२५ पेक्षा कमी राहिल्यास पाणी सुरक्षित, २.५ पर्यंत सीमेवरचे आणि त्याहून अधिक असल्यास अयोग्य मानतात. असे पाणी वापरणे भागच असेल तर जिप्समचा वापर तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा लागतो.

विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे या प्रकारच्या भूजलाचे ठळक उदाहरण आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात पाणी असूनही ते पिण्यास वा सिंचनास नीट उपयोगी पडत नाही.

एक अहवाल वाचून पाहू

वरील सर्व विवेचन एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट विहिरीचे नाहीत. समजा, अहवालात दर लिटरला मिलिग्रॅममध्ये पुढील नोंदी आहेत : कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ४९, सोडियम ११५, बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड १३५, सल्फेट ७२, नायट्रेट ९३. विद्युत वाहकता १,२५० मायक्रोसीमेन्स व एकूण क्षार सुमारे ८०० आहेत.

प्रथम अहवाल विश्वसनीय आहे की नाही ते पाहावे. पाण्यातील धन आणि ऋण आयनांचा विद्युतभार समान असलाच पाहिजे, हा निसर्गनियम आहे. प्रत्येक आकड्याला त्या घटकाच्या तुल्यभाराने भागले असता मिलिइक्विव्हॅलंट हे एकक मिळते. कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.२, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८ आणि नायट्रेटला ६२ ने भागावे. कॅल्शियम ४, मॅग्नेशियम ४ व सोडियम ५ मिळून बेरीज १३ होते. दुसऱ्या बाजूस बायकार्बोनेट ६, क्लोराइड ३.८, सल्फेट १.५ व नायट्रेट १.५ मिळून १२.८ होते. दोन्ही बाजूंमधील तफावत एकूण बेरजेच्या एका टक्क्याच्या आत आहे. ही तफावत पाच टक्क्यांच्या आत असल्यास अहवाल ग्राह्य धरतात. ती बरीच अधिक निघाल्यास फेरतपासणी मागावी. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल असे हे गणित आहे.

आता घराच्या दृष्टीने पाहू. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज ८, तिला ५० ने गुणले असता काठिण्य ४०० येते. ते स्वीकारार्ह मर्यादेच्या वर, पण कमाल मर्यादेच्या आत आहे. क्षार आणि क्लोराइडही चालवून घेण्याजोगे आहेत. धुण्याभांड्यास पाणी जड पडेल, इतकेच. नायट्रेट मात्र मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. हे पाणी पिण्यासाठी वापरू नये, असाच निर्णय द्यावा लागेल.

शेताच्या दृष्टीने पाहता, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेची निमपट ४, तिचे वर्गमूळ २ आणि सोडियम ५. भागाकार २.५ येतो. एस.ए.आर. अगदी कमी आहे. आर.एस.सी. ६ वजा ८ म्हणजे उणे २, तेही निर्धोक. वाहकतेवरून मात्र पाणी तिसऱ्या वर्गात पडते. निचऱ्याच्या जमिनीत कापूस, गहू यांना ते खुशाल द्यावे. भारी, निचरा नसलेल्या जमिनीतील मोसंबीला देताना सावध राहावे. ठिबक संचाच्या तोट्या अशा जड पाण्याने चुन्याच्या पुटांनी बुजतात. त्यासाठी वेळोवेळी आम्लप्रक्रिया करावी लागते.

आणखी दोन हिशेब उद्बोधक आहेत. हेक्टरभर शेताला पाच सेंटिमीटर उंचीची एक पाळी दिली तर पाच लाख लिटर पाणी लागते. दर लिटरला ८०० मिलिग्रॅमप्रमाणे त्या एका पाळीबरोबर ४०० किलो क्षार शेतात येतात. पावसाळ्यात ते धुऊन जाण्यासाठी चर व निचरा नसेल तर ते साचत राहतील आणि जमीन क्षारपड होईल. दुसरा हिशेब लाभाचा आहे. ९३ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये २१ मिलिग्रॅम नत्र असते. म्हणजे एका पाळीबरोबर हेक्टरी साडेदहा किलो नत्र फुकट मिळते. युरियाच्या भाषेत ते सुमारे २३ किलो, अर्थात ४५ किलोची अर्धी गोणी होय. जे नायट्रेट बालकाला विष ठरते तेच पिकाला खत होते. शेतकऱ्याने तेवढा युरिया कमी टाकला, तर त्याचा पैसा वाचेल आणि विहिरीत पुन्हा उतरणारे नायट्रेटही कमी होईल.

नमुना घेण्याची शिस्त

प्रयोगशाळा कितीही कुशल असली तरी नमुना सदोष असल्यास अहवाल निरुपयोगी ठरतो. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी व ती त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. हातपंप किंवा विद्युतपंप काही मिनिटे चालवून नळीतील साचलेले पाणी आधी काढून टाकावे. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. तिच्यावर गाव, उद्भवाचे नाव, खोली, दिनांक व वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. जंतू तपासणीची बाटली निर्जंतुक असावी लागते. ती प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, विसळू नये आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी.

नमुना वर्षातून किमान दोनदा घ्यावा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात पाणी कमी झाल्याने क्षार दाट होतात, तर पावसाळ्यात वरची घाण आत उतरते. पिण्याच्या पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तपासले जातात. ही यंत्रणा १९७१ पासून राज्यात कार्यरत आहे. सिंचनाच्या पाण्याबाबत कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा व कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे चौकशी करावी. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनअंतर्गत गावोगावी पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचाने नायट्रेट, फ्लोराइड, काठिण्य यांचा प्राथमिक अंदाज जागेवरच घेता येतो. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

पंचायतीने काय करावे

ग्रामपंचायतींना पाण्याच्या उद्भवांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. हिरवे कार्ड मिळणे अभिमानास्पद आहे. परंतु ते उद्भवाच्या परिसराची स्वच्छता व शुद्धीकरणाची नियमितता सांगते. पाण्यातील नायट्रेटचा आकडा त्यावर नसतो. कार्ड हिरवे असले तरी रासायनिक अहवाल स्वतंत्रपणे पाहिलाच पाहिजे.

अहवाल आल्यावर तो दप्तरात न ठेवता फलकावर लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. दोष आढळल्यास उपाय त्या दोषानुसार ठरतो. जंतू आढळल्यास विहिरीची डागडुजी व हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर हा उपाय आहे. नायट्रेट आढळल्यास प्रथम पिण्यासाठी दुसरा उद्भव शोधावा आणि दूषित विहीर धुण्यासाठी व शेतीसाठी राखून ठेवावी. नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेले असेल तर बहुधा उकिरडा वा सांडपाणी विहिरीत झिरपत आहे, असे समजावे. विहिरीच्या वरच्या उतारावरील उकिरडे हलवावेत, शोषखड्डे व शौचालये दूर असावीत, विहिरीचा काठ उंच व सभोवारचा भाग पक्का असावा. फ्लोराइडसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून पाणी शुद्ध करण्याची नलगोंडा पद्धती विकसित केली आहे. आर.ओ. संयंत्राने नायट्रेट व फ्लोराइड दोन्ही घटतात. पण त्यातून बाहेर पडणारे दाट क्षारांचे पाणी विहिरीजवळच सोडले, तर दोष फिरून तेथेच येतो, हे विसरू नये.

शिक्षकांना या कामात विशेष संधी आहे. गावातील विहिरींचा नकाशा काढून प्रत्येकीपुढे काठिण्य, क्षार व नायट्रेट यांचे आकडे लिहिणे, दरवर्षी त्यात नव्या नोंदींची भर घालणे आणि वर दाखविलेला हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेणे, हा विज्ञान व भूगोल या दोन्ही विषयांचा उत्तम पाठ होईल. पाच वर्षांत अशा नोंदवहीतून एखाद्या विहिरीचे पाणी सुधारते आहे की बिघडते आहे, हे स्पष्ट दिसू लागेल.

भूजल एकदा बिघडले की ते सुधारण्यास फार काळ लागतो. नदीचे पाणी एका पुराने धुऊन निघते, खडकाच्या भेगांतील पाण्याला ती सोय नाही. म्हणून विहिरीची पातळी मोजण्याची सवय जशी दुष्काळांनी आपल्याला लावली, तशीच तिच्या पाण्याचा गुण मोजण्याची सवय आता आपण स्वतःहून लावून घेतली पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत गावातील पिण्याच्या पाण्याच्या शेवटच्या रासायनिक तपासणीचा दिनांक व तीत आढळलेला नायट्रेटचा आकडा, एवढा एक विषय जरी घेतला गेला, तरी त्या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.